गणिती सॉफ्टवेअर निवडताय? आधी परवाना वाचा

लॅबमध्ये मॅटलॅब आहे, गाइडला मॅथेमॅटिकाची सवय आहे आणि वर्गातला एखादा मित्र ठामपणे सांगतो की हे सगळं पायथनमध्ये फुकटात होतं. नव्याने या क्षेत्रात आलेल्या माणसाची इथेच पंचाईत होते, कारण तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. मग निवड बहुतेक वेळा किमतीवर होते, नाहीतर शेजारचा जे वापरतो त्यावर.

माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. आज मी जे गणित करतोय ते परवाना संपल्यावर, संस्था सोडल्यावर किंवा पाच वर्षांनी दुसऱ्या कुणाला पुन्हा चालवून तपासता येईल का? या प्रश्नाचं उत्तर कधी प्रोप्रायटरी, म्हणजे कंपनीच्या मालकीच्या बंद सॉफ्टवेअरच्या बाजूने लागतं, कधी ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड खुला असतो अशा सॉफ्टवेअरच्या. पुढच्या पायऱ्या त्या उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठी आहेत.

पायरी १ : काम कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

गणिती सॉफ्टवेअर म्हणजे एकच गोष्ट नव्हे. आकडेमोडीचं काम, म्हणजे मॅट्रिक्स, सिग्नल, डिफरन्शियल इक्वेशनचं संख्यात्मक उत्तर, हे मॅटलॅबचं घर. ओपन सोर्समध्ये तिथे ऑक्टेव्ह, सायलॅब, ज्युलिया आणि पायथनमधले नमपाय-सायपाय आहेत. चिन्हांचं काम, म्हणजे इंटिग्रल सूत्ररूपात काढणं किंवा बहुपदीचे अवयव पाडणं, यासाठी मॅथेमॅटिका आणि मेपल. समोर मॅक्सिमा आणि सिमपाय. स्टॅटिस्टिक्ससाठी आर इतकं रुळलंय की तिथे ओपन सोर्सची बाजू मांडावी लागत नाही.

शुद्ध गणितात चित्र अजून वेगळं. ग्रुप थिअरीसाठी गॅप, नंबर थिअरीसाठी पारी, बीजगणितीय भूमितीसाठी सिंग्युलर ही ओपन सोर्स साधनं संशोधकांनीच संशोधकांसाठी लिहिली. सिडनी विद्यापीठातलं मॅग्मा याच क्षेत्रातलं, पण परवान्यावर मिळणारं. विल्यम स्टाइन यांनी २००५ मध्ये सेज सुरू केलं. त्यात अशी बरीच ओपन सोर्स साधनं पायथनच्या एका छताखाली आणली आहेत.

आपलं काम एका वाक्यात लिहा. 'डेटा सायन्स शिकायचंय' हे वाक्य चालणार नाही; 'सेन्सरच्या नोंदींमधून आवाज गाळून फ्रिक्वेन्सी काढायची आहे' हे चालेल. असं लिहिलं की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

पायरी २ : प्रोप्रायटरी परवान्यात काय लिहिलंय ते बघा

पैसे मोजून तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेत नाही, ते वापरायची परवानगी घेता. त्या परवानगीला अटी असतात आणि खरा खर्च अटींमध्ये दडलेला असतो.

परवाना कुणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. एका व्यक्तीच्या नावाचा, एका मशीनला बांधलेला आणि नेटवर्कवरून वाटून घ्यायचा असे ढोबळ प्रकार असतात. नेटवर्कच्या प्रकारात एक सर्व्हर ठरावीक संख्येचे परवाने सांभाळतो. सगळे बाहेर गेले असतील तर पुढच्याला थांबावं लागतं. मॅटलॅबमध्ये यात एक बारकावा आहे. एखाद्या टूलबॉक्समधलं, म्हणजे वेगळ्या परवान्यावर मिळणाऱ्या पुरवणीतलं, फंक्शन तुम्ही पहिल्यांदा वापरलं की त्या टूलबॉक्सचा परवाना तुमच्याकडे येतो आणि सत्र बंद होईपर्यंत तुमच्याकडेच अडकून राहतो. म्हणून वाटून वापरायच्या परवान्यावर काम करत असाल तर जेवायला जाताना मॅटलॅब बंद करून जा. सहकारी दुवा देतील.

टूलबॉक्स हा मुद्दा नवख्यांना हमखास चकवतो. मूळ मॅटलॅब एक, आणि ऑप्टिमायझेशन, सिग्नल प्रोसेसिंग, स्टॅटिस्टिक्स वगैरे प्रत्येकाचा परवाना वेगळा. संस्थेच्या व्यापक परवान्यात हे सगळं एकत्र मिळत असल्यामुळे आपण नेमकं काय काय वापरतोय याचा पत्ताच लागत नाही. बाहेर पडल्यावर कळतं की आपला प्रोग्रॅम चार टूलबॉक्सवर उभा आहे. एखाद्या प्रोग्रॅमला कोणती उत्पादनं लागतात हे सांगणारी सोय मॅटलॅबमध्येच आहे. ती महिन्यातून एकदा तरी चालवा, आणि ज्या टूलबॉक्समधलं एकच किरकोळ फंक्शन वापरलंय ते स्वतः लिहून टाका.

विद्यार्थी आवृत्ती स्वस्त असते, पण व्यावसायिक कामाला चालत नाही. शिकताना लिहिलेला कोड तुमचा असतो. तो ज्या परवान्यावर चालवला तो मात्र नोकरीच्या ठिकाणी नेता येत नाही.

काम मोठ्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक संगणकांवर, जाणार असेल तर आत्ताच विचारून घ्या. मॅथेमॅटिकामध्ये एका वेळी किती समांतर कर्नल (गणित करणाऱ्या प्रक्रिया) चालतील यावर परवान्याची मर्यादा असते, आणि मॅटलॅबला क्लस्टरवर नेण्यासाठी वेगळं उत्पादन घ्यावं लागतं. ओपन सोर्समध्ये हा हिशोबच नसतो: मशीन आहेत तितक्या प्रती चालवा.

शेवटची बाब दूरची वाटते, पण घडून गेलेली आहे. जून २०२० मध्ये चीनमधल्या हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा मॅटलॅबचा वापर बंद झाला, कारण अमेरिकी सरकारने ही संस्था व्यापारनिर्बंधांच्या यादीत टाकली होती. विद्यार्थ्यांचा काही दोष नव्हता, पैसे थकले नव्हते. परवाना देणारी कंपनी आपल्या देशाच्या कायद्याने बांधलेली असते आणि तो कायदा बदलला की परवानगीही बदलते.

पायरी ३ : ओपन सोर्सचा परवानाही वाचा, तोही परवानाच आहे

'ओपन सोर्स आहे म्हणजे काहीही करा' हा समज दोन्ही बाजूंच्या लोकांमध्ये दिसतो आणि तो चूक आहे. ढोबळपणे दोन घराणी आहेत. एमआयटी आणि बीएसडी परवाने मोकळे: लेखकाचं श्रेय आणि परवान्याचा मजकूर जपा, बाकी बंद उत्पादनातही कोड वापरा. ज्युलिया एमआयटी परवान्यावर आहे. नमपाय, सायपाय, सिमपाय बीएसडीवर. दुसरं घराणं जीपीएलचं: त्यावर आधारलेला प्रोग्रॅम तुम्ही इतरांना दिलात तर त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोडही, त्याच अटींवर द्यावा लागतो. ऑक्टेव्ह, आर, मॅक्सिमा, पारी, गॅप, सेज ही सगळी या घराण्यातली.

जीपीएलची भीती नवख्यांना उगाच वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो. जीपीएल सॉफ्टवेअर वापरून काढलेलं उत्तर, आलेख किंवा प्रबंध यांवर त्या परवान्याचा काही हक्क नसतो. घरात किंवा कंपनीच्या आत कितीही बदल करून वापरलंत तरी ते जगाला द्यायची सक्ती नाही. सक्ती येते ती प्रोग्रॅम दुसऱ्याच्या हाती देताना. ऑक्टेव्हमध्ये चालणारी साधी स्क्रिप्ट तुम्ही हव्या त्या अटींवर देऊ शकता. पण ऑक्टेव्हच्या लायब्ररींशी जोडून सी प्लस प्लसमध्ये विस्तार लिहिलात आणि तो वाटलात, तर जीपीएल लागू होतो.

आता सापळे. फुकट मिळतं ते सगळं ओपन सोर्स नसतं. डेस्मॉसचा ग्राफिंग कॅल्क्युलेटर कुणालाही वापरता येतो, पण त्याचा स्रोत बंद आहे. जिओजेब्राचा कोड मुक्त परवान्यावर आहे, तरी त्याचा इन्स्टॉलर आणि इतर साहित्य अव्यावसायिक वापरापुरतं फुकट आहे. स्रोत दिसतो तेवढ्यानेही भागत नाही: सायलॅबचा कोड आधीपासून पाहता येत असे, पण बदललेल्या प्रतींच्या व्यावसायिक वाटपावर बंधन होतं, २००८ च्या ५.० आवृत्तीपासून त्याने खऱ्या मुक्त परवान्याची वाट धरली.

सर्वात जास्त लोक अडकतात ते पायथनच्या वाटेवर. नमपाय मुक्त, सायपाय मुक्त, पण ते तुम्ही कुठून उतरवून घेता याला स्वतंत्र अटी असू शकतात. पायथनची पॅकेजं एका भांडारातून पुरवणाऱ्या ॲनाकोंडा कंपनीने २०२० मध्ये त्या भांडाराच्या अटी बदलल्या आणि २०० पेक्षा जास्त माणसं असलेल्या व्यावसायिक संस्थांना ते वापरण्यासाठी पैसे मोजावे लागू लागले. कोंडा-फोर्ज हे स्वयंसेवकांचं भांडार वेगळं आहे. कंपनीत रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी कॉलेजच्या सवयीने जुना इन्स्टॉलर चालवण्याआधी कायदा विभागाला किंवा निदान आयटीला विचारा.

काही ठिकाणी दुहेरी परवाना असतो. फूरिये ट्रान्सफॉर्मसाठी जगभर वापरली जाणारी एफएफटीडब्ल्यू लायब्ररी जीपीएलवर मिळते, आणि ज्यांना बंद उत्पादनात घालायची आहे त्यांना एमआयटी संस्था पैसे घेऊन वेगळा परवाना देते. मॅटलॅबच्या आतही हीच लायब्ररी चालते. मॅटलॅबचा जन्मही काहीसा असाच. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ते लिहिलं ते विद्यार्थ्यांना फोरट्रानमध्ये डोकं न घालता लिनपॅक आणि आइस्पॅक या लायब्ररी वापरता याव्यात म्हणून. त्या लायब्ररी सार्वजनिक पैशातून झालेल्या होत्या. कंपनी आली १९८४ मध्ये. थोडक्यात, या दोन जगांमध्ये भिंत आहे असं समजू नका; येणं-जाणं कायम चालू असतं.

पायरी ४ : इन्स्टॉल न करता चाखून बघा, मग एक खरं काम हलवा

सेजसाठी ब्राउझरमध्ये चालणारं सेजमॅथसेल आहे. दोन ओळी टाइप करा, उत्तर बघा. विंडोजवर सेज बसवायचं तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतलं लिनक्स, लागतं. ही अडचण खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही.

मॅटलॅबची सवय असेल तर ऑक्टेव्हपासून सुरुवात करणं सोपं. मॅटलॅबशी न जुळणारं वागणं ऑक्टेव्हचे लेखक बग समजतात, त्यामुळे साधा संख्यात्मक कोड बहुधा जसाच्या तसा चालतो. अडतं ते सिम्युलिंकपाशी (आकृत्या जोडून प्रणालीचं अनुकरण करणारं मॅटलॅबचं जोड-उत्पादन), नव्या प्रकारच्या क्लासपाशी आणि टेबलांपाशी. शिवाय लूप ऑक्टेव्हमध्ये बरेच हळू चालतात, म्हणून मॅट्रिक्सच्या भाषेत लिहायची सवय इथे जास्तच कामाला येते.

उलट दिशेलाही खबरदारी हवी. ऑक्टेव्ह काही गोष्टी जास्तीच्या मान्य करतं: हॅशने सुरू होणारी टिप्पणी, बेरीज आणि बरोबर हे चिन्ह जोडून केलेली वाढ, प्रत्येक रचनेसाठी वेगळा शेवटचा शब्द. त्या वापरल्यात तर तुमचा कोड मॅटलॅबवाल्या सहकाऱ्याकडे चालणार नाही. दोन्हीकडे चालायला हवा असेल तर या सवलतींपासून लांब राहा.

पायथनला जाणाऱ्यांनी एवढं पक्कं ध्यानात ठेवावं की मॅटलॅब, ऑक्टेव्ह, ज्युलिया आणि आर यांत मोजणी १ पासून सुरू होते आणि पायथनमध्ये ० पासून. हलवताना होणाऱ्या चुकांपैकी मोठा वाटा याच एका फरकाचा.

पायरी ५ : एकच गणित दोन ठिकाणी चालवा

या पायरीला मी सर्वात जास्त वेळ द्यायला सांगेन. मागचा अनुभव काय सांगतो ते पाहा. अंतोनियो दुरान, मारियो पेरेस आणि हुआन वारोना या तीन स्पॅनिश गणितज्ञांनी २०१४ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'नोटिसेस'मध्ये आपली व्यथा मांडली. त्यांना मोठमोठ्या पूर्णांकांच्या मॅट्रिक्सचे डिटरमिनंट काढायचे होते. मॅथेमॅटिकाचं उत्तर मेपलशी जुळेना. खोलात गेल्यावर दिसलं की तोच मॅट्रिक्स पुन्हा दिला तरी मॅथेमॅटिका वेगळं उत्तर देतं. पूर्णांकांच्या गणितात अंदाजाला जागा नसते, म्हणजे हा सरळ बग होता. तो नेमका कुठे आहे हे त्यांना बघता आलं नाही, कारण कोड बंद होता.

यावरून ओपन सोर्समध्ये बग नसतात असा निष्कर्ष कुणी काढू नये. भरपूर असतात. फरक इतकाच की तिथे बगांची यादी उघड असते, कोणत्या आवृत्तीत काय दुरुस्त झालं ते दिसतं आणि चिवट माणूस थेट कोड वाचून कारण शोधू शकतो. गॅपचे संस्थापक योआखिम नॉयब्युझर यांचा युक्तिवाद इथे आठवतो. सिलोचं प्रमेय ग्रंथालयात वाचून तुम्ही जन्मभर विनामूल्य वापरू शकता, त्याची सिद्धताही तपासू शकता. मग सिद्धतेचा भाग झालेल्या प्रोग्रॅमसाठी मात्र दरवेळी पैसे मोजायचे आणि आत डोकावताही येऊ नये, हे गणिताच्या रीतीला धरून आहे का? मला हा युक्तिवाद पटतो, निदान सिद्धतेच्या कामापुरता. पुलाच्या आराखड्यासाठी आकडेमोड करणाऱ्या इंजिनिअरचा प्रश्न वेगळा असतो.

तपासणीची सुरुवात अगदी लहान गोष्टीने करा. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ या आठ आकड्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. नमपाय सांगेल २. मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि आर सांगतील सुमारे २.१३८. कुणीच चुकलेलं नाही: सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३२ येते, वर्गमूळ काढण्याआधी नमपाय तिला ८ ने भागतं, बाकीचे ७ ने. गंमत म्हणजे पायथनमधलीच पांडास ही तक्त्यांसाठीची लायब्ररी ७ ने भागते. आकडे हजारो असले तर फरक जाणवत नाही, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं अहवालांत लपून राहतो.

चिन्हांच्या कामासाठी एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ विचारा. मॅक्सिमा एक्स वास्तव आहे असं धरून त्याची ॲब्सोल्यूट व्हॅल्यू देतं. सिमपाय आणि मॅथेमॅटिका काहीच न बदलता तसंच ठेवतात, कारण एक्स संमिश्र असू शकतो. दुसरी परीक्षा: १ भागिले एक्सचा वर्ग, उणे १ पासून १ पर्यंत इंटिग्रेट करा. सूत्रात सीमा आंधळेपणाने घातल्या तर उणे २ येतं, जे अशक्य आहे, कारण फंक्शन सगळीकडे धन आहे. समोरचं सॉफ्टवेअर 'इंटिग्रल अभिसारी नाही' हे ओळखतं का ते बघा. मग आपल्या कामातली अशी दोन-तीन उदाहरणं, ज्यांचं उत्तर हाताने काढता येतं, कायमची जवळ ठेवा.

पायरी ६ : डेटा आणि कोड कुणाच्या कुलुपात ठेवू नका

कंपन्या बंद पडतात, विकल्या जातात, उत्पादनं मागे घेतात. डिराइव्ह हे शाळा-कॉलेजांतलं लाडकं सॉफ्टवेअर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने २००७ मध्ये बंद केलं. म्युपॅड ही जर्मनीतली चांगली प्रणाली मॅटलॅब बनवणाऱ्या मॅथवर्क्सने २००८ मध्ये विकत घेतली, तिचं इंजिन मॅटलॅबच्या टूलबॉक्समध्ये गेलं आणि ती स्वतंत्रपणे मिळेनाशी झाली. ज्यांच्या वह्या, म्हणजे कोड आणि उत्तरं एकत्र ठेवणाऱ्या नोटबुक फाइल्स, त्या रूपात होत्या त्यांना त्या दुसऱ्या रूपात हलवाव्या लागल्या.

याउलट मॅक्सिमा बघा. त्याचं मूळ एमआयटीमध्ये १९६८ पासून घडलेल्या मॅकसिमा (Macsyma) या प्रणालीत आहे. त्याची एक प्रत विल्यम शेल्टर यांनी १९८२ पासून जवळजवळ एकट्याने जपली, १९९८ मध्ये ती जीपीएलवर खुली करायची परवानगी मिळवली आणि २००१ मध्ये ते वारले. सॉफ्टवेअर त्यांच्यामागेही चालू राहिलं, कारण कुणालाही ते पुढे नेता येत होतं. सेजमध्ये कॅल्क्युलसचं बरंच काम आजही तेच करतं.

तेव्हा डेटा साध्या मजकुरात किंवा सीएसव्हीत ठेवा, मोठा असेल तर एचडीएफ५ या खुल्या फाइल-प्रकारात. मॅटलॅबच्या मॅट फाइल्सपैकी ७.३ प्रकारच्या फाइल्स आतून एचडीएफ५ असतात. सायपायचं नेहमीचं वाचक फंक्शन त्या उघडत नाही, जुने प्रकार उघडतं; त्यासाठी एचडीएफ५ ची लायब्ररी वापरावी लागते. नोटबुकसोबत साधी स्क्रिप्टही ठेवा. आणि आवृत्ती नोंदवा: नुसतं 'पायथनमध्ये केलं' असं नको, पायथन आणि प्रत्येक पॅकेजचा आकडा लिहा. ज्युलिया मॅनिफेस्ट फाइलमध्ये हे आपोआप करते. पायथनमध्ये ते तुम्हाला करावं लागतं, आणि न केल्यास दोन वर्षांनी तुमचाच कोड तुमच्याच मशीनवर चालत नाही. ओपन सोर्सची ही ठसठशीत किंमत आहे; ती पैशात नाही, वेळात मोजावी लागते.

पायरी ७ : पैसे कधी मोजावेत

संकोच न करता मोजावेत असे प्रसंग आहेत. नियंत्रण प्रणालीचं काम सिम्युलिंकवर चालत असेल तर तोडीस तोड ओपन सोर्स पर्याय शोधण्यात महिने घालवू नका. विमान किंवा वाहन उद्योगात सुरक्षिततेच्या मानकांसाठी साधनाची पात्रता सिद्ध करावी लागते. त्यासाठीचे कागदपत्रांचे संच कंपन्या तयार देतात, आणि ते स्वतः उभं करणं लहान गटाच्या आवाक्याबाहेरचं आहे. अवघड इंटिग्रल आणि विशेष फंक्शनांमध्ये मॅथेमॅटिकाचा हात अजून वरचढ आहे. शिवाय मॅटलॅब आणि मॅथेमॅटिका या दोन्हींची मदत-पानं इतकी चांगली आहेत की शिकणाऱ्याचे कित्येक तास वाचतात.

शिकण्यासाठी, प्रबंधासाठी आणि ज्याची सिद्धता छापायची आहे अशा गणितासाठी मात्र मी आधी ओपन सोर्स वापरून बघायला सांगेन आणि अडलं तरच परवाना घ्या म्हणेन.

घ्यायचं ठरलं तर विक्रेत्याला लेखी विचारा: मुदत संपल्यावर सॉफ्टवेअर चालू राहतं की नुसतं अपडेट थांबतं? मशीन बदललं तर परवाना हलवता येतो का, वर्षातून किती वेळा? इंटरनेट नसताना चालतं का? आपण बनवलेला प्रोग्रॅम परवाना नसलेल्या माणसाला देता येतो का? चाचणी परवाना बहुतेक कंपन्या देतात, पण घड्याळ सुरू करण्याआधी आपला खरा डेटा, हाताने सोडवलेली उदाहरणं आणि सर्वात हळू चालणारा प्रोग्रॅम एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. नाहीतर सगळी मुदत त्यांची नमुन्याची उदाहरणं चालवण्यातच जाते.